ओल्या चित्राचं वय

हर्णैचा समुद्र रंगवायला मला एक सकाळ पुरली. तोच समुद्र देशाबाहेर पाठवताना मात्र पार घाम निघाला.

चित्र लहानसंच. किनाऱ्यावर बसून केलेलं तैलचित्र : समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या, पुढ्यात फुटणारी लाट. घेणारं जोडपं मूळचं आंजर्ल्याचं, आता बोस्टनला स्थायिक. भाव ठरला, पैसे आले, खोका बांधून झाला. इथवर सगळं सुरळीत.

कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलाने खोका उघडायला लावला आणि म्हणाला, "मॅडम, पेंटिंग आहे, म्हणजे अँटिक नसल्याचं सर्टिफिकेट लागेल."

"अहो, हे यंदाच काढलंय मी. खाली सही आहे, साल आहे."

"सही काय, कोणीही करेल."

एवढं बोलून त्याने लाटेच्या फेसावर अंगठा दाबला. तिथे मी पांढरा रंग सुरीने जाड लावला होता. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. वरून साय धरली तरी जाड थर आत महिनोन्‌महिने मऊ राहतो. साय फाटली, अंगठा पांढरा झाला. तो त्याने माझ्याच इनव्हॉइसला पुसला आणि म्हणाला, "तरी कागद लागेलच."

आता मीही हट्टाला पेटले. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा. त्यात चित्र पुरावस्तू ठरायला किमान १०० वर्षं जुनं असावं लागतं. शंभरीच्या आतल्या निवडक कलाकृतींना सरकार संरक्षण देऊ शकतं, पण चित्रकार हयात असेपर्यंत तेही नाही. आणि चित्रकार तर काउंटरला टेकून उभी! कस्टम्सच्या कोडमध्येसुद्धा वय आलंच आहे : शंभरीपार चित्रांना ९७०१.२१, बाकीच्यांना ९७०१.९१. मी यातला दुसरा कोड लिहिला होता. हे सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "सिस्टिम पुढे जाऊ देत नाही." साहेब जेवायला गेलेले. साहेब आले, त्यांनी वर मेल टाकला. वरून उत्तर आलं : सर्टिफिकेट जोडा.

शेवटी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज केला. अर्ज, चित्राचे फोटो आणि प्रत्यक्ष चित्र दाखवणं, एवढंच. बघणाऱ्या बाईंना खोका उघडताच तेलाचा वास आला आणि त्या हसल्याच. तिथे मला वाद घालावा लागला नाही. तेव्हा माझा सल्ला असा की कायदा तुमच्या बाजूने असला तरी काउंटरवर तो शिकवत बसू नका. गिऱ्हाईक परदेशातलं आहे हे कळलं की पैशांची वाट न बघता अर्ज टाका. मला चिडण्यातच जास्त वेळ गेला.

किनाऱ्यावर काम चालू असताना इझलसकट एक फोटो काढून ठेवा. चित्राच्या मागे जागा, महिना, साल लिहा. इनव्हॉइसवर चित्रकाराचं नाव आणि 'मूळ तैलचित्र' असं स्पष्ट हवं.

बटर पेपर रंगावर थेट टेकवू नका, चिकटतो. चार कोपऱ्यांना थर्माकोलचे तुकडे लावून वरचा पुठ्ठा अधांतरी ठेवायचा. बाहेरचं काम लवकर वाळायला हवं असेल तर खालचा थर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ द्या, तो पटकन धरतो. व्हार्निशची घाई नको, सहा महिने तरी जाऊ द्या. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा.

अंगठ्याचा ठसा मी सुरीने सारखा केला. त्या फेसात हर्णैच्या वाऱ्याने आणून टाकलेले वाळूचे दोन-तीन कण होते, ते तसेच राहू दिले. बोस्टनहून पहिला प्रश्न आला तो त्या कणांबद्दलच : हे काढायचे का? म्हटलं, हात लावू नका, अजून ओलं आहे.