सुंदरबन: मागे सरायला जागा नसलेले रान

गोदखालीच्या धक्क्यावरून आमची नाव सुटली तेव्हा पुरती ओहोटी लागलेली होती, त्यामुळे सुंदरबनाचे पहिले दर्शन झाले ते झाडांचे नव्हे, चिखलाचे. काठाचा राखाडी, ओलसर उतार माणसाच्या उंचीहूनही अधिक उघडा पडला होता. त्यावर असंख्य श्वसनमुळे टोके वर काढून उभी होती आणि त्यांच्यामधून निवटे, म्हणजे चिखलात वावरणारे छोटे मासे, सरपटत होते. बहुतेक प्रवासी वाघाच्या आशेने काठ न्याहाळतात. मी मात्र पुढचे सगळे दिवस हा चिखलच पाहत राहिलो, कारण या रानाचे भवितव्य त्याच्या उंचीवर ठरणार आहे.

भारत आणि बांगलादेश मिळून सुमारे १०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेले हे जगातील सर्वांत मोठे सलग खारफुटीचे वन आहे आणि त्याचा सुमारे दोन-पंचमांश भाग भारतात येतो. दिवसातून दोनदा येणारी भरती गाळ घेऊन येते, मुळांच्या जाळ्यात पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. त्यात कुजलेली पाने व मुळे मिसळून जमीन हळूहळू वर चढते. समुद्र संथपणे चढत असेल, तर खारफुटी अशा रीतीने त्याच्याबरोबर स्वतःला उचलून घेते. प्रश्न वेगाचा आहे. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर या गतीने वाढली. गेल्या १०,००० वर्षांतील गाळाच्या नोंदी तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की ही गती वर्षाला ६ मिलिमीटरच्या पुढे गेल्यास खारफुटीला तिच्याबरोबर राहणे बहुधा अशक्य होईल. त्रिभुज प्रदेशात तर जमीन स्वतःही खचत असते, त्यामुळे इथे जाणवणारी वाढ जागतिक सरासरीहून जास्त असते.

सजनेखालीहून दोबांकीकडे जाताना जाळीबंद उंच मार्गावरून खालचे रान पाहिले. वन्य प्राण्यांसाठी तिथे गोड्या पाण्याचे तळे खोदलेले आहे, आणि चारही बाजूंनी पाणी असलेल्या या प्रदेशात त्याची गरज का पडते, हे मातला नदीवर आल्यावर कळते. मातला आणि बिद्याधरी या नद्यांचा वरच्या बाजूच्या गोड्या प्रवाहांशी असलेला संबंध गाळामुळे कधीच तुटला आहे. आता त्यांत खालून येणारे समुद्राचे पाणीच आतबाहेर करते. गोड्या पाण्याची ही तूट हवामानबदलाच्या आधीची आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. पण चढत्या समुद्रामुळे ती अधिक जाचक होते. ज्या सुंदरी वृक्षावरून रानाला नाव मिळाले असे मानतात, त्याला कमी खारे पाणी मानवते. भारतीय बाजूच्या या मध्यभागात तो शोधावा लागतो. काठ तिवर, गेवा यांसारख्या खारेपणा सोसणाऱ्या झाडांनी व्यापले आहेत. लांबून हिरवाई तेवढीच दिसते, आतले रान मात्र बदललेले असते.

भारतीय सुंदरबनातील १०२ बेटांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे. गोसाबा त्यांपैकीच एक. तिथल्या मातीच्या बांधावरून चालताना एका बाजूला भरतीचे पाणी होते, तर दुसऱ्या बाजूला त्याहून खालच्या पातळीवर भातशेती. बांधामुळे शेत वाचते, परंतु गाळ आत येणे थांबते, आणि नदीचा तळ चढत असताना शेत मात्र आहे तिथेच राहते. मे २००९ मध्ये आयला वादळाने हे बांध फोडले. त्या वेळी आत शिरलेल्या पाण्याबद्दल एका वृद्ध शेतकरी बाईंनी मला सांगितले, की पाणी ओसरले तरी मीठ मातीतच राहिले आणि पुढची काही वर्षे पेरलेले नीट उगवले नाही. त्यानंतर बुलबुल, अम्फान आणि यास ही वादळे २०१९ ते २०२१ या अवघ्या तीन वर्षांत आली. तापलेल्या समुद्रावरून वादळांना अधिक ऊर्जा मिळते आणि चढलेल्या पातळीवरून त्यांची लाट अधिक आत घुसते.

समुद्र चढू लागला की खारफुटी एरवी जमिनीच्या दिशेने सरकते. इथे त्या दिशेला बांध आहे आणि बांधामागे माणसे आहेत. पुढून पाणी, मागून भिंत, अशा कोंडीत रानाचा पट्टा अरुंद होत जातो. जगभरच्या अनेक किनाऱ्यांवर हेच घडत आहे. तिथे बांधाऐवजी रस्ता असेल किंवा इमारती.

शेवटी काकद्वीपहून नावेने घोडामारा बेटावर गेलो. हुगळीच्या मुखातील हे बेट अनेक दशके झिजत आले आहे, आणि त्याच्या शेजारचे लोहाचरा तर वस्ती असताना पाण्याखाली गेले. या झिजेत नदीच्या प्रवाहांचाही मोठा वाटा आहे. तिचे सगळे खापर समुद्रपातळीवर फोडणे मला योग्य वाटत नाही.

सुंदरबनात बांधासमोर खारफुटीची रोपे लावण्याचे काम गावोगावी चालते, बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्या हातून, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मात्र काठ पुरेसा उंच नसेल, तर रोपे फार वेळ पाण्याखाली राहून मरतात. अशा ठिकाणी बांधच मागे घेऊन भरतीला, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या गाळाला, थोडी जमीन परत द्यावी लागेल. ती जमीन कोणाच्या तरी शेतातून जाणार असल्याने तिचा पुरेसा मोबदला आणि पर्यायी घर यांची व्यवस्था बांध हलवण्याआधी झाली पाहिजे.