घरच्या वायफायवरची अनोळखी मंडळी: आता एकच उरलंय

घरच्या वायफायला जोडलेली, पण कुठली ते कळत नसलेली उपकरणं एकेक करून ओळखायचा माझा छंद चालू आहे. मागच्या वेळी मॅक ॲड्रेसवरून (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख-नंबर) कंपनी शोधून यादी बरीच कमी केली होती, पण जे उरले ते खरे चिवट. या वेळी पद्धत बदलली आणि मस्त प्रगती झालीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सेटअप तोच, कोथरूडचा फ्लॅट, ब्रॉडबँडवाल्याने दिलेला राउटर आणि जुना रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर). राउटरच्या पानावर दिसते ती यादी अगदीच तोकडी असते, म्हणून पायवर दर पाच मिनिटांनी आर्प-स्कॅन (नेटवर्कवर कोण कोण आहे ते विचारणारा प्रोग्रॅम) चालू ठेवलंय आणि कोण कधी दिसलं ते फाईलमध्ये जातं. एकदाच स्कॅन करून काही कळत नाही हे परत सांगतो, झोपलेला फोन उत्तर देईलच असं नाही आणि बॅटरीवरची उपकरणं तर क्वचितच जागी होतात.

मॅक लुकअपची अडचण अशी की मॅकच्या पहिल्या तीन जोड्या म्हणजे आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने कंपनीला दिलेला नंबर, पण ती कंपनी बऱ्याचदा चिप किंवा मॉड्यूल बनवणारी असते, वस्तू बनवणारी नाही. एस्प्रेसिफ (वायफाय चिप बनवणारी कंपनी) आलं की प्लग, बल्ब, गेटची बेल, काहीही असू शकतं. आणि फोनचं तर सगळंच बदललंय, अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक नेटवर्कला मूळचा सोडून स्वतःच बनवलेला वेगळा मॅक देतात. ओळखायला सोपं आहे, मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला, लुकअप करत बसू नका.

मग मी राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ता वाटायचं काम) बंद केलं आणि ते काम पायवर डीएनएसमास्क या प्रोग्रॅमला दिलं, लॉग-डीएचसीपी हा पर्याय चालू करून. माझ्या मते या छंदात यापेक्षा कामाची गोष्ट नाही. उपकरण आयपी मागायला येतं तेव्हा स्वतःबद्दल बरंच बोलून जातं, होस्टनेम सांगतं, व्हेंडर क्लास म्हणजे आपली सिस्टिम कुठली ते सांगतं (अँड्रॉइड असेल तर अँड्रॉइड-डीएचसीपी आणि पुढे व्हर्जनचा नंबर, विंडोज असेल तर एमएसएफटी ५.०), आणि कुठकुठले ऑप्शन (राउटरचा पत्ता वगैरे माहिती) हवेत त्याची यादी देतं, त्या यादीचा क्रमसुद्धा प्रत्येक सिस्टिमचा वेगळा. मॅक खोटा असला तरी हे बोलणं बदलत नाही!

आता सगळ्यात मजा आलेली केस. एक एस्प्रेसिफवालं, होस्टनेम पण नुसतंच एस्प्रेसिफ, एकही पोर्ट उघडं नाही. गीझरचा प्लग आधीच ओळखला होता, तो वेगळा. डीएनएस (उपकरण कुठल्या सर्व्हरचा पत्ता विचारतं ते) आणि त्याची कनेक्शन बघितली तर वेळ विचारायचं आणि ॲमेझॉनच्या मुंबईच्या सर्व्हरशी ८८८३ या पोर्टवर बोलायचं, म्हणजे एमक्यूटीटी (छोट्या उपकरणांची निरोप पाठवायची पद्धत), म्हणजे ॲपवरून चालणारं काहीतरी, पण काय? शेवटी हजेरीच्या फाईलचा तक्ता काढला. सकाळभर गायब, दुपारी जेवणानंतर हजर, चारच्या सुमारास परत गायब, मग रात्री झोपायच्या वेळेपासून उजाडेपर्यंत हजर. ही तर आईची वेळ! तिच्या खोलीत जाऊन पिंग (उपकरण उत्तर देतंय का ते बघणारी कमांड) चालू ठेवला आणि भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं, पिंग थांबला, चालू केलं, थोड्या वेळात परत सुरू. बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आहे तो, भाच्याने बसवून देताना ॲप पण जोडून ठेवलं होतं आणि आई मात्र रिमोटच वापरते त्यामुळे कोणाच्या लक्षात असायचं कारणच नाही.

म्हणून अनोळखी उपकरण दिसलं की "ब्लॉक करा आणि कोण ओरडतं बघा" हा नेहमीचा सल्ला मला पटत नाही. हा पंखा ब्लॉक केला असता तर रिमोटवर फिरतच राहिला असता, कळलं काहीच नसतं. आणि घरी कोणाची मीटिंग चालू असताना चुकीचं उपकरण ब्लॉक झालं तर त्रास त्यांना.

दुसरं एक एमडीएनएसने (उपकरणं घरच्या नेटवर्कवर आपलं नाव जाहीर करतात ती पद्धत) सुटलं. ती नावं दाखवणाऱ्या अवाही-ब्राउझ या कमांडला एक गूगलकास्टवालं (फोनवरचं टीव्हीवर दाखवता येतं असं) दिसत होतं, नाव "हॉल टीव्ही", आमच्या टीव्हीचं नाव वेगळं. राउटरवर त्याचा सिग्नल उणे ७८ डीबीएमच्या आसपास, म्हणजे फारच कमी, आमच्या घरातलं काहीच इतकं कमी दाखवत नाही, म्हणजे मध्ये जाड भिंत. शेजारच्या काकांचं नेट बंद पडलं होतं तेव्हा पासवर्ड दिला होता ते आठवलं. जाऊन म्हटलं, "काका, तुमचा टीव्ही अजून आमच्याच नेटवर आहे बरं का." ते म्हणाले, "अरे हो का, मग काढून टाक की, आमचं आता चालू झालंय." काढलं, आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं. पंखा आणि प्लग पण तिकडेच हलवलेत, मुख्य नेटवरच्या फोनवरून ते आता क्लाउडमार्गेच चालतात, तेवढं चालेल मला.

एक गोष्ट मनापासून सांगतो, डीएनएसच्या लॉगमध्ये घरातल्या सगळ्यांचं सगळं दिसतं, त्यामुळे मी फक्त अनोळखी उपकरणापुरतंच गाळून बघतो आणि ओळख पटली की त्याचा लॉग पुसतो. तुम्हीही तसंच करा ही विनंती.

उरलेलं एक, दुसरं अक्षर ए, व्हेंडर क्लास अँड्रॉइडचा, पण व्हर्जन घरातल्या कुठल्याच फोनशी जुळत नाही. संध्याकाळीच येतं, सिग्नल दणदणीत, म्हणजे आहे घरातच. मुलीकडे अभ्यासाला मैत्रिणी येतात त्यांच्यापैकी कोणाचा टॅब असावा असा अंदाज आहे, सोमवारी त्या आल्या की विचारतो आणि त्यांना गेस्टचा पासवर्ड देऊन टाकतो. टॅब नसेल तर मग ऑप्शनच्या यादीचा क्रम इथे टाकेन, कोणी ओळखला तर सांगा.