चार्ल्सटनला प्लँटेशनवर पैसे घालवू नका, सरळ ब्यूफर्ट गाठा

आधीच सांगतो, वैतागून लिहितोय. परवा रात्री परत आलो, पायावर अजून चिलटांच्या गांधी आहेत आणि क्रेडिट कार्डाचं बिल समोर आहे. रोज सात-आठ किलोमीटर उन्हात चालता येतं, टोपी-बूट-पाणी तुमच्याकडे आहे असं धरून लिहितो.

ऑफिसातला एकजण म्हणालेला, सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध बघायचंय ना, मग साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळचं एखादं प्लँटेशन, म्हणजे गुलामांकडून कसवलेला जुना मळा करा, एका ठिकाणी सगळं कळतं. बाबा साताऱ्याहून आलेत म्हणून मुद्दाम नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरातून साडेचार तास गाडी हाणत गेलो. गेटवर माणशी तिकीट. आत गेल्यावर कळलं ते फक्त बागेचं, घराची टूर वेगळी, आणि गुलामांच्या खोपट्यांकडे न्यायला ट्रामगाडी, तिचं अजून वेगळं. म्हणजे ज्यांनी दलदलीत उभं राहून भाताची खाचरं खणली, बांध घातले, त्यांच्यापर्यंत पोचायचं तर वरचे पैसे! तिघांचे मिळून शंभर डॉलरच्या वर गेले, आणि वर लग्नाच्या शूटिंगसाठी अर्धं अंगण बंद.

एवढंही चाललं असतं, पण बाबांनी गाइडला विचारलं की युद्ध झालं कशावरून, तर तो म्हणे राज्यांचे हक्क आणि जकात. अहो, साउथ कॅरोलायना 20 डिसेंबर 1860 ला अमेरिकेतून फुटून निघालं आणि चार दिवसांनी कारणांचं जे जाहीरनामापत्र काढलं त्यात रडगाणं हेच की उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम धरून परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी हक्क वापरले तर यांना राग! हे मला आधीच माहीत होतं, तरी मी त्या माणसासमोर गप्प बसलो याचाच जास्त त्रास होतोय.

फोर्ट समटर या बंदरातल्या किल्ल्यावर बोटीनेच जावं लागतं, बुकिंग आधी करा. 12 एप्रिल 1861 ला पहिला तोफगोळा इथेच पडला, साधारण 34 तास मारा चालला आणि त्या माऱ्यात एकही माणूस मेला नाही, पुढच्या चार वर्षांत मात्र सहा लाखांच्या वर गेले. सह्याद्रीतले किल्ले डोळ्यासमोर ठेवून जाल तर हिरमोड होईल. तीन मजली होता, जेमतेम एक उरलाय, मधोमध नंतर बांधलेली तोफांसाठीची काळी काँक्रीटची बॅटरी. किल्ल्यात तासभरच मिळतो, सावली नाही. जा, पण एकदाच.

चार्ल्सटनमध्ये चामर्स स्ट्रीटवरचं जुनं गुलामबाजाराचं म्युझियम चुकवू नका, छोटं आहे, तासात होतं, रस्ता गोट्यांचा आहे तेव्हा चपला नकोत. गॅड्सडेन्स वॉर्फवर 2023 ला उघडलेलं मोठं म्युझियमपण चांगलं, जहाजांतून माणसं जिथे उतरवली तिथेच उभं आहे. समुद्रावरचा दिवस छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता ब्यूफर्ट. चार्ल्सटनहून दीड तास. जुन्या फायर स्टेशनमध्ये रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे गुलामगिरी संपल्यावरच्या नव्या घडीच्या काळावरच्या राष्ट्रीय पार्कचं केंद्र आहे, फुकट! तिथली रेंजरबाई पाऊण तास आमच्याशी बोलली. नोव्हेंबर 1861 मध्ये उत्तरेचं आरमार इथे आलं तसे मळेवाले पळाले आणि दहा हजारांच्या आसपास गुलाम मागे राहिले, म्हणजे युद्ध संपायच्या साडेतीन वर्षं आधीच इथे 'आता पुढे काय' सुरू झालेलं. शाळा, मजुरी, जमीन, सगळं.

आणि रॉबर्ट स्मॉल्स! तेवीस वर्षांचा गुलाम खलाशी. 13 मे 1862 ला पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्याने दक्षिणेच्या सैन्याची प्लँटर नावाची बोट काढली, वाटेत बायकापोरं घेतली, कॅप्टनची गवती टोपी डोक्यावर घालून दक्षिणेच्या ताब्यातल्या समटरसमोरून बरोब्बर शिट्टीची खूण देत निघून गेला. पुढे ज्या घरामागच्या खोपटात जन्मला तेच मालकाचं घर कर थकल्याच्या लिलावात विकत घेतलं, पाच वेळा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. घर प्रिन्स स्ट्रीटवर आहे, खाजगी आहे, बाहेरूनच बघा, गेट वाजवू नका.

बाबा तिथे बराच वेळ उभे. मग म्हणाले, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या लोकांना अर्पण केलीय ना, साल 1873. मी फोनवर बघितलं, त्या साली स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये होता. 1877 ला उत्तरेचं सैन्य इथून निघालं, 1895 च्या नव्या घटनेने काळ्यांची मतं जवळपास संपवली, ती घटना लिहिणाऱ्या सभेत स्मॉल्स विरोधात बोलत होता.

सेंट हेलेना बेटावर पेन सेंटर, मुक्त झालेल्या गुलामांसाठीची 1862 ची शाळा, ओकची झाडं, दुपारी चिलटं फाडून खातात, लांब बाह्यांचा शर्ट घालाच. जानेवारी 1865 मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या आदेशाने या किनाऱ्यावर मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस-चाळीस एकर वाटले, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्यातले बहुतेक जुन्या मालकांना परत दिले. काळ्या लोकांनी कराच्या लिलावात रीतसर विकत घेतलेल्या बऱ्याच जमिनी मात्र त्यांच्याकडे राहिल्या. बाबा लगेच, "सातबाऱ्यावर नाव लागलं त्याचीच जमीन."

तर दोन दिवस असतील तर एक चार्ल्सटन, एक ब्यूफर्ट. एकच असेल तर ब्यूफर्ट. प्लँटेशनवाल्यांना ट्रामगाडीचे पैसे परत द्या म्हणून ईमेल टाकलाय, उत्तर नाही.