शुद्ध हरपलेल्याला उताणं ठेवू नका, पाणी पाजू नका

कुणी बेशुद्ध पडलं की भोवती गर्दी होते. एक जण कांदा फोडून नाकाशी धरतो, दुसरा चप्पल हुंगवतो, तिसरा तांब्याभर पाणी घेऊन धावतो. कांद्याने काहीच होत नाही, नुसता वेळ जातो. पाण्याने मात्र जीव जाऊ शकतो. शुद्ध नसताना गिळणं आणि खोकणं बंद पडतं, त्यामुळे तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं.

उताणं झोपवलं की जीभ सैल होऊन घशात मागे पडते आणि श्वास घोरल्यासारखा वाजतो. दारू जास्त झालेला माणूस असा 'घोरत' असला की घरचे निर्धास्त होतात, तिथेच घात होतो. त्याच अवस्थेत उलटी झाली की पोटातलं आम्ल फुप्फुसात जातं. आधी हलवून, हाक मारून बघा. उठलाच नाही तर ती झोप नव्हे.

मग छातीकडे बघत १० सेकंदांच्या आत श्वास तपासा. श्वास नीट चालू असेल तर त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसा. तुमच्याकडचा हात काटकोनात बाहेर काढा. पलीकडच्या हाताचा पंजा तुमच्या बाजूच्या गालाखाली धरून ठेवा. पलीकडचा गुडघा वर उचला आणि तोच ओढून त्याला आपल्याकडे कुशीवर वळवा. डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे, म्हणजे लाळ-उलटी आपोआप बाहेर ओघळते. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत श्वासावरची नजर हलवू नका. श्वास थांबला किंवा अधूनमधून नुसते आचके येऊ लागले, तर उताणं करून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

फिट आली असेल तर तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणी करताना औषध अंगात भिनलं, की तोंडाला लाळ-फेस येतो, घाम फुटतो, उलट्या होतात, शुद्ध जाते. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची जुनी सवय कृपा करून सोडा. ती उलटीच फुप्फुसात जाते. त्याला कुशीवर घ्या, हातमोजे घालून भिजलेले कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा. तोंडाने श्वास देऊ नका, विष तुमच्याही पोटात जाईल. औषधाची बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या. कुठलं औषध आहे त्यावर डॉक्टरांचे उपचार ठरतात.