तुम्ही विचारलंत म्हणून: भावाचं कर्ज का नाही फेडलं

"सख्खा भाऊ ना तुमचा? मग शेवटच्या वेळी हात का आखडता घेतलात?" हे मला भाजी मंडईत विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, आईच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावरसुद्धा विचारलंय. दरवेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुम्ही परवा विचारलंत ते टोचायला नव्हतं. तुमच्याही घरात तेच चाललंय, हे तुमच्या आवाजावरून कळलं. म्हणून सगळं सांगते.

माझा धाकटा भाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होता. सौदे संपायच्या आत पट्ट्यांची बेरीज त्याच्या तोंडावर तयार असायची. मटक्याची पहिली चिठ्ठी त्याला कुणी दिली ते त्यानं कधी सांगितलं नाही. दहा रुपयांचा ओपन, म्हणजे पहिला फुटणारा एकच आकडा, लावला आणि नव्वद आले, एवढं मात्र तो आजही तारखेसकट सांगतो. लेकीच्या वाढदिवसाची तारीख सांगताना अडखळतो, ही तारीख कधी चुकत नाही.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पहिल्यांदा कळलं तेव्हा वही-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "दहा आकडे. प्रत्येकावर एकेक रुपया लाव, दहा गेले. कुठलाही आकडा फुटला तरी हातात नऊच. जोडीचं, म्हणजे दोन आकड्यांचंही तेच, शंभर घालून नव्वद." तो शांतपणे म्हणाला, "आक्का, हे मला तुझ्याआधी कळलंय." आणि त्याच संध्याकाळी परत लावला.

त्याची छोटी लाल वही माझ्याकडे आहे. पानंच्या पानं तीन-तीन आकडे, शेजारी त्यांची बेरीज आणि बेरजेचा शेवटचा आकडा, मटक्यात तोच फुटतो. एक-दोन-आठ, अकरा, एक. एसटीच्या तिकिटाचा नंबर, ट्रकची पाटी, पोत्यावरचा लॉट नंबर, सगळं त्यात उतरवलेलं. बाबा गेले त्या तारखेची जोडीही त्यानं लावली होती, तेराव्याच्या आत. हे त्यानंच मला पुढं रडत सांगितलं. सेहेचाळीस लावून सत्तेचाळीस फुटलं तर "हरलो" म्हणायचा नाही, "एका घरानं हुकलं" म्हणायचा. ते हुकणंच त्याला दुसऱ्या दिवशी परत ओढून न्यायचं.

मग मोबाईल आला. मटक्याला निदान ओपन-क्लोजची वेळ ठरलेली. मधल्या वेळात माणूस जेवायचा, झोपायचा. रमीला आणि क्रिकेटच्या सट्ट्याला ना दिवस ना रात्र. वहिनी सांगायची, रात्री तीनला पांघरुणाखाली उजेड दिसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं, मनापासून म्हणते. पण आमचं घर तोवर धुऊन निघालं होतं.

आता कर्जाचं. पहिल्या वेळी चाळीस हजार, ते आईनं पाटल्या मोडून दिले. दुसऱ्या वेळी साडेतीन लाख. मी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि पाच वर्षं पगारातून हप्ते कापून दिले. त्यानं आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. ती खोटी होती असं मला आजही वाटत नाही. घेताना ती खरीच असते.

महाभारतातला एक भाग आपण घाईघाईनं ओलांडतो. पहिल्या द्यूतानंतर धृतराष्ट्रानं पांडवांना हरलेलं सगळं परत दिलं. राज्य, धन, सगळं. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, मागून बोलावणं आलं आणि धर्मराज परत फिरून पटावर बसला. त्या दुसऱ्या डावातून वनवास आला. माझे साडेतीन लाख म्हणजे धृतराष्ट्राचं ते परत देणं होतं. कर्ज फिटलं की याला वाटायचं, पाटी कोरी झाली, आता नव्यानं लावता येईल.

तिसऱ्या वेळी अकरा लाख निघाले. त्यात दुकानाची रक्कम होती, म्हणून नोकरी गेली. खासगी सावकार दारात येऊन बसले. वहिनी लेकीला घेऊन तासगावला माहेरी गेली. मी "नाही" म्हटलं त्या रात्री तो घरातून गेला. दोन दिवस पत्ता नाही. दाजींनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, आयर्विन पुलापासून शोधत शोधत त्याला हरिपूरच्या संगमावर गाठलं. पायरीवर बसला होता, पायात चप्पल नाही. ते दोन दिवस माझ्या "नाही"चे होते, हे मी कुणापासून लपवत नाही.

मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की हा आजार आहे. २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या वर्गीकरणात जुगार दारूच्या रांगेत, व्यसनांमध्ये धरतात. ते म्हणाले, "जेवायला द्या, सोबत द्या, रोख देऊ नका. कर्ज त्याच्या नावावर राहू दे, हप्ते त्यालाच भरू दे." बिनपरवाना सावकारांची तक्रार आम्ही सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे केली, सावकारीच्या २०१४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. तुमच्याकडे सावकार असतील तर हे आधी करा. आणि रात्री जीव घाबरला तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीचा, १४४१६ नंबर लावा. कुठूनही लागतो, पैसे पडत नाहीत. त्या दोन रात्री मला तो माहीत असता तर बरं झालं असतं.

आता तो एका गोदामात पोती मोजतो. पगार वहिनीच्या खात्यावर, हातात बटणांचा फोन. मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्यानंच येऊन सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी त्याला जेवायला वाढलं, पैसे दिले नाहीत.

गेल्या महिन्यात लेकीला भेटायला आम्ही दोघं एसटीनं तासगावला निघालो. कंडक्टरनं तिकिटं दिली. त्यानं ती न बघता उलटी धरली आणि माझ्या पर्समध्ये सारली. "आक्का, तुझ्याकडं राहू दे," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला.