तुम्ही विचारलंत म्हणून: रॉचडेल माझं गाव कसं?

"मूळ गाव कोणतं तुमचं?" पहिल्या भेटीत हे विचारल्याशिवाय मराठी माणसाला चैन पडत नाही. मी रॉचडेल सांगते. "ते झालं हो, पण मूळ गाव?" मग मी खामगाव म्हणते आणि समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. पण त्यामागून दुसरा प्रश्न येतोच, आणि तो मला फार वेळा विचारला गेला आहे: खामगाव असताना त्या इंग्लंडमधल्या गिरणगावाला आपलं गाव का म्हणता? आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेत का फिरता? एका वाचकानं नुकतंच पुन्हा विचारलं, म्हणून एकदा नीट सांगते.

रॉचडेल मँचेस्टरच्या ईशान्येला, पेनाइन टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. बाबा डॉक्टर होते. त्या काळी उत्तरेतल्या गिरणगावांत दवाखाना चालवायला तिथले तरुण डॉक्टर फारसे राजी नसत, आणि सरकारी आरोग्यसेवेला तर माणसं हवी होती. भारत-पाकिस्तानातून आलेल्या कितीतरी डॉक्टरांनी ती गावं सांभाळली, त्यांतले एक बाबा. १९७० साली आम्ही तिथे गेलो तेव्हा मी चार वर्षांची होते. एकमेकांना खेटून ओळीनं उभी असलेली घरं, मागे बोळ, आणि बोळाच्या टोकाला गिरणीची चिमणी.

शेजारी एक आजी राहायच्या. तिकडे आजीला नॅन म्हणतात, म्हणून मीही त्यांना नॅन म्हणू लागले. आई त्यांना नॅनबाई म्हणायची आणि त्यांना ते फार आवडायचं. आईला इंग्रजी वाचता यायचं, पण रॉचडेलचं बोलणं कळायचं नाही. दोघींची ओळख जुळली ती उंबरठ्यावरून. नॅन गुडघ्यावर बसून दाराची पायरी धुवायच्या आणि मग तिच्या कडेवर एका मऊ दगडानं पिवळसर पांढरी पट्टी ओढायच्या. त्या दगडाला तिकडे डाँकी स्टोन म्हणत. जुन्या चिंध्या दिल्या की भंगारवाला बदल्यात तो द्यायचा. खामगावला रोज सकाळी सडा घालून रांगोळी काढणाऱ्या माझ्या आईला यात समजावून सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात आमच्याही पायरीला पट्टी आली.

नॅन विणकर होत्या. वयाच्या बाराव्या वर्षी त्या गिरणीत लागल्या, तेही अर्ध्या दिवसासाठी: सकाळी माग, दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. हाफ टायमर म्हणत अशा मुलांना. १९१८च्या शिक्षण कायद्यानं ही पद्धत मोडीत काढली, पण नॅनना त्याचा उपयोग झाला नाही. दुपारच्या शाळेत बाकावर डोकं टेकून त्या झोपायच्या आणि मास्तर उठवायचे नाहीत, ही आठवण त्या मास्तरांच्या भलेपणाची म्हणून सांगायच्या. मला मात्र आजही ती ऐकवत नाही.

मागांचा आवाज एवढा असायचा की कानाशी ओरडूनही ऐकू यायचं नाही. म्हणून बायका ओठ मोठे मोठे हलवून, चेहऱ्यानं आणि हातांनी बोलायच्या. या बोलण्याला मी-मॉ म्हणत. नॅन आणि समोरच्या घरातल्या त्यांच्या मैत्रिणी रस्त्याच्या दोन बाजूंनी, बंद खिडक्यांतून, आवाज न करता तासभर गप्पा मारायच्या. अजिबात न बोलता हसण्याची लाट या खिडकीतून त्या खिडकीत जायची. शाळेत मागच्या बाकावर आम्ही मुली हेच करायचो आणि पकडल्या जायचो, कारण आमच्या बाईंची आईही विणकर होती.

आता रॉचडेलच्या टोड लेन या रस्त्याबद्दल. अकरावी-बारावीला सहकार हा विषय घेतलेल्यांना रॉचडेल हे नाव पुस्तकातून माहीत असतं. २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनमधल्या ३१ क्रमांकाच्या इमारतीत, तळमजल्यावर, तिथल्या कामगारांनी स्वतःचं दुकान उघडलं. संस्थापक २८ आणि जमवलेलं भांडवल २८ पौंड. विकायला लोणी, साखर, गव्हाचं पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या, बस्स. हे दुकान कशासाठी, तर बाहेरच्या दुकानांत पिठात तुरटी आणि खडू असायचा, मापात काटा मारलेला असायचा आणि उधारीच्या वहीनं माणूस कायमचा बांधला जायचा. यांनी ठरवलं: माल शुद्ध, माप पूर्ण, व्यवहार रोख, दर सभासदाला एकच मत, आणि नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा.

पुस्तकात इथवर असतं. नॅनकडे यापुढचं होतं. नफ्याच्या त्या वाटणीला घरोघरी डिव्ही म्हणत आणि प्रत्येक कुटुंबाला सभासद क्रमांक असायचा. पोराला दुकानात धाडायचं तर आई आधी तो क्रमांक घोकून घ्यायची, कारण तो चुकला तर आपली डिव्ही दुसऱ्याच्या नावावर. मुलांचे बूट, हिवाळ्याचा कोट, कुणाच्या तरी अंत्यविधीचा खर्च, सगळं डिव्हीवर अवलंबून. मी दुकानात जाऊ लागले तोवर क्रमांक जाऊन वहीत चिकटवायची तिकिटं आली होती. पण नॅनना आपल्या आईचा क्रमांक शेवटपर्यंत आठवत होता. अखेरच्या वर्षांत मुलांची नावं एकमेकांत मिसळायची, क्रमांक मात्र कधी चुकला नाही. पुढे मी ज्या ज्या वृद्धांशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी हा क्रमांक एका दमात म्हणून दाखवला. सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी टोड लेनबरोबर हेही लिहायला हवं असं माझं ठाम मत आहे. चळवळ घरात किती खोल गेली होती, हे यावरून कळतं.

आणि आता तो कापूस, ज्याच्यामुळे मी या सगळ्यात कायमची अडकले.

लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन-चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेतून येई. १८६१ला तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १८६२च्या हिवाळ्यात लँकेशायर भागात सुमारे ५ लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. बेकार पुरुषांना दगड फोडायला आणि रस्ते बांधायला लावलं. रॉचडेलच्या वर रूली मूरच्या उजाड माळावर त्या काळातला फरसबंद रस्ता अजून आहे, कॉटन फॅमिन रोड म्हणूनच ओळखला जातो. शाळेतून आम्हाला तिथे चालायला नेलं होतं. दगडाला दगड इतका नीट बसवलेला आहे की ज्यांनी तो बसवला ते विणकर होते यावर विश्वास बसत नाही.

उपाशी असूनही त्या गावातले कितीतरी लोक दक्षिणेतल्या गुलामगिरीविरुद्ध, अमेरिकेतल्या उत्तरेच्या बाजूनं उभे राहिले. रॉचडेलचेच जॉन ब्राइट हे त्यांचे संसदेतले मोठे वक्ते. जानेवारी १८६३मध्ये लिंकन यांनी मँचेस्टरच्या कामगारांना आभाराचं पत्र लिहिलं, आणि पुढच्या महिन्यात जॉर्ज ग्रिसवोल्ड नावाचं अमेरिकेचं जहाज मदतीच्या पिठाची पिंपं घेऊन लिव्हरपूलला लागलं. त्यातलं एक पिंप रॉचडेलच्या संग्रहालयात जपलेलं आहे. साधं लाकडी पिंप. मी त्याच्यासमोर दर वेळी थांबते.

अमेरिकेचा बंद झाला तेव्हा कापूस आला हिंदुस्थानातून, मुंबई बंदरातून. गुजरातचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा, लँकेशायरमध्ये सगळ्याला एकच नाव, सुरत. त्याचा धागा आखूड. त्यात पाला, धूळ, खडे. मागावर सारखा तुटायचा, आणि मजुरी कापडाच्या मापावर असल्यानं तुटलेला प्रत्येक धागा म्हणजे बुडालेला पैसा. "देवा, आम्हाला कापूस धाड, पण सुरत नको" अशी प्रार्थना त्या काळात सांगितली जायची. नॅनच्या आजीनं ती सगळी वर्षं लहानपणी काढलेली. काही निकृष्ट निघालं की ती 'सुरत' म्हणायची, तिची सवय नॅनना लागलेली. आमच्या स्वयंपाकघरात बसून नॅननी एका फाटक्या टॉवेलला सुरत म्हटलं, आणि चहा ओतता ओतता बाबा म्हणाले, "तो कापूस आमच्या गावचा, नॅन." त्या दिवशी त्यांचं बोलणं रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं.

पुढच्या उन्हाळ्यात खामगावला गेल्यावर मी आजोबांना हे सांगितलं. आजोबा अडत्याचा धंदा करायचे. वाड्याचे सागवानी खांब त्यांच्या आजोबांनी कापसाच्या त्याच तेजीत घेतलेले होते, हे मी लहानपणापासून ऐकत होते, फक्त ती तेजी कुणाच्या भुकेवर आली होती हे कुणी सांगितलं नव्हतं. खड्यांचं ऐकून आजोबा उसळले. "कास्तकार काहाले टाकीन गोटे? थे त मधातल्या दलालायचं काम!" स्वतः अडत्या असून त्यांनी हे म्हटलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. खूप नंतर मला समजलं की कापसातली भेसळ रोखायला मुंबई सरकारनं १८६३मध्ये वेगळा कायदाच केला होता.

तेजी टिकली नाही. १८६५च्या वसंतात युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत समुद्र बुजवून जमीन करू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर नाचणारे पेढीवाले धुळीला मिळाले. शेतकऱ्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर उचललेली कर्जं मात्र तशीच राहिली. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत हीही एक कडी होती. रेल्वे १८६७ला नागपूरपर्यंत पोचली आणि १८७०मध्ये जलंबहून खामगावचा फाटा निघाला, कापसासाठीच. त्याच फाट्यावरून माझे बाबा पहिल्यांदा घराबाहेर पडले. म्हणजे मी रॉचडेलला पोचण्याच्या शंभर वर्षं आधी आमच्या शेतातली रुई तिथे पोचली होती आणि तिथल्या बायकांच्या शिव्या खात होती. हे कळल्यावर मी त्या गावाला परकं कसं म्हणू?

बाबांच्या दवाखान्यातही हाच इतिहास यायचा. सोमवारी सकाळी छाती आवळल्याची तक्रार घेऊन येणारे लोक. रविवारची सुट्टी झाल्यावर कापसाची धूळ पुन्हा फुप्फुसात गेली की हा त्रास उसळायचा. वर्षं गेली की तो आठवडाभर राहायचा. आणि गावात अ‍ॅस्बेस्टॉस विणण्याचाही मोठा कारखाना होता. तिथे काम केलेल्या नेली केरशॉ १९२४मध्ये वारल्या, वय ३३. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं झालेला मृत्यू म्हणून वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेलेली ती पहिली केस. मालकांनी भरपाई नाकारली, अंत्यविधीलाही पैसे दिले नाहीत, आणि रॉचडेलच्या दफनभूमीत त्यांना नावाच्या दगडाविना पुरलं. दगड पुष्कळ वर्षांनी लोकांनी बसवला. बाबा आम्हाला कधी कुणा रुग्णाची गोष्ट सांगत नसत, पण नेलीची सांगत, नावासकट. विसरू नये म्हणून.

सगळं गोड होतं असं नाही. शाळेच्या वाटेवर आमच्यावर थुंकणारीही मुलं होती, आणि काही दुकानांत आईला मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी माल द्यायचे. नॅनना कळलं तेव्हा त्या आईचा हात धरून तशा एका दुकानात गेल्या आणि आईचं घेऊन होईपर्यंत काउंटरवरून हलल्या नाहीत.

गाव बदललं. गिरण्या पडल्या, काहींची गोदामं झाली. आमच्या लहानपणी शहराच्या मध्यावरून चालताना पायाखालून रॉच नदी वाहते हे आम्हाला माहीतही नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती झाकून टाकली होती. २०१६मध्ये तिचा एक भाग उघडला आणि खालचा जुना पूल दिसला. १८७१चं टाउन हॉल दुरुस्त होऊन २०२४मध्ये लोकांसाठी पुन्हा खुलं झालं, आणि छताची काजळी निघाल्यावर तिथले रंग पहिल्यांदाच दिसले. इमारतींची काळजी घेणारे आहेत, याचा मला आनंद आहे.

माणसांच्या आठवणींना मात्र दुरुस्ती नसते. नॅनच्या पिढीतलं आता कुणी उरलं नाही, आणि मी-मॉ येणाऱ्या शेवटच्या बायका नव्वदीला टेकल्या आहेत. म्हणून मी त्यांच्याकडे जाते. मोठे प्रश्न विचारत नाही. डिव्हीचा क्रमांक कोणता, पायरीला पांढरा दगड लावायचात की पिवळसर, वेक्सच्या, म्हणजे गिरण्या बंद राहायच्या त्या आठवड्याच्या, सुट्टीत सगळं गाव एकदम समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला निघायचं तेव्हा घरावर लक्ष कोण ठेवायचं, मागावर पहिलं बोट कुणाचं अडकलं. या उत्तरांतून जे मिळतं ते गिरणीच्या हिशोबवह्यांत नसतं. लिहिलेलं सगळं गावच्या स्थानिक इतिहासाच्या दप्तरात देते.

आणि हो, खामगावही सुटलेलं नाही. रेचावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर, काम केलेल्या, सरकीच्या ढिगांत खेळलेल्या, गठाणी उचलून पाठी वाकलेल्या माणसांशी बोलायला मी सुरुवात केली आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल, वऱ्हाडात किंवा खानदेशात, तर त्यांना आधी एवढंच विचारा: तुमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पहाटेचा भोंगा किती वाजता व्हायचा? त्यापुढचं ते आपणहून सांगतील, आणि मला ते ऐकायचं आहे.