वेंकीजना ब्लॅकबर्नमधून मिळतं तरी काय?

मँचेस्टरच्या आसपास राहणाऱ्या पुणेकराला एक प्रश्न चुकत नाही. कुठला म्हणून विचारलं, पुण्याचा म्हणून सांगितलं, आणि समोरचा फुटबॉल बघणारा निघाला की झालंच. "म्हणजे वेंकीजच्या गावचा! त्यांना आमच्या क्लबातून हवंय तरी काय?" सुट्टीत पुण्याला गेलो की तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. मामा, शाळेतले मित्र, सोसायटीतले काका, सगळ्यांना एकच कुतूहल: "अरे, त्यांना तिकडे मिळतं काय? विकून का टाकत नाहीत?"

सगळेच विचारतात म्हणून एकदाचं नीट लिहितो. वेंकीज ही पुण्याची कोंबड्यांची कंपनी, आणि 2010 पासून ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबाची मालक. त्या कंपनीशी माझा संबंध तिचं चिकन विकत घेण्यापुरता. वर्तमानपत्रांत, क्लबाच्या जाहीर हिशेबांत, कोर्टात आणि ईवूड पार्क या क्लबाच्या स्टेडियमच्या स्टँडमध्ये कुणालाही दिसतं तेवढंच मला ठाऊक आहे. त्यावरून माझं उत्तर असं की काहीही मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणूनच विकताही येत नाही.

आधी गाव सांगतो. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गिरणगाव. एके काळी तिथल्या मागांवर हिंदुस्थानात विकायला धोतरं विणली जायची. 1905 साली पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली, ती याच मुलुखाच्या धंद्यावर होती. पुढे 1931 साली गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी शेजारच्या डार्वेनला मुद्दाम जाऊन तिथल्या गिरणी कामगारांना भेटले होते. (पुणे आणि ब्लॅकबर्न यांचं देणंघेणं कोंबड्यांच्या आधीपासूनचं आहे, एवढंच.) गिरण्या गेल्या, क्लब राहिला. 1875 साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या 12 क्लबांपैकी एक.

या क्लबाला देव मिळाला तो जॅक वॉकर. ब्लॅकबर्नचाच माणूस, पोलादाचा धंदा. तो धंदा 30 कोटींहून अधिक पौंडांना ब्रिटिश स्टीलला विकून त्याने आपल्या आवडत्या क्लबात पैसा ओतला. केनी डॅलग्लिशला मॅनेजर केलं, ॲलन शिअररला ब्रिटिश विक्रमी किंमत मोजून आणलं, स्टेडियम नवं बांधलं. 1995 साली रोव्हर्स प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या लीगचे, विजेते झाले. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलमध्ये हरले, तरी मँचेस्टर युनायटेडची वेस्ट हॅमशी बरोबरी झाल्याने करंडक यांच्याकडे आला. वॉकरचा पुतळा आज ईवूड पार्कबाहेर उभा आहे.

पण भावना बाजूला ठेवून हिशेबाची वही उघडली तर वॉकरने केलं ते काय? क्लबाच्या कमाईला झेपणार नाही एवढा पैसा एका श्रीमंत माणसाने स्वतःच्या खिशातून घातला. ब्लॅकबर्नच्या माणसांना हे ऐकायला आवडत नाही. तरी क्लबाला दुसऱ्याच्या खिशावर जगायची सवय लागली ती तेव्हाच. 2000 साली वॉकर गेला. त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टला दरवर्षी पैसे घालण्यात रस उरला नाही, आणि नोव्हेंबर 2010 मध्ये सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजकडे, म्हणजेच वेंकीजकडे, आला. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभा केलेला हा उद्योग तेव्हा त्यांची मुलं, अनुराधा देसाई, व्यंकटेश आणि बालाजी राव, चालवत होती. भारतातला पोल्ट्रीचा मोठा खेळाडू, खिसा भरलेला, प्रीमियर लीगमुळे नाव जगभर जाणार. वाईट काय होतं त्यात?

वाईट पुढच्या महिन्यात सुरू झालं. संघ तेराव्या क्रमांकावर असताना अनुभवी मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढलं. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन, ज्यांनी त्याआधी मॅनेजर म्हणून कुठला संघ चालवला नव्हता. कीन यांचा एजंट आणि खरेदीच्या वेळी मालकांना सल्ला देणारा एजंट एकच, ही गोष्ट तिथल्या लोकांच्या मनातून आजही गेलेली नाही. क्लबाचे जाणते अध्यक्ष जॉन विल्यम्स काही आठवड्यांत बाहेर पडले. इकडे रोनाल्डिन्योला आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. तिकडे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून सामन्याआधी चिकन खात आहेत अशी वेंकीजची जाहिरात आली, आणि अख्ख्या इंग्लंडने पोट धरून हसून घेतलं. ऑक्टोबर 2011 मध्ये, संघ तळाशी चाचपडत असताना, त्याला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी बालेवाडीला आणलं. पुण्यात आम्हा काही जणांना त्याचं अप्रूप होतं. ब्लॅकबर्नमध्ये त्याच सहलीने लोकांचा पारा चढला होता.

7 मे 2012 ला ईवूड पार्कवर विगनकडून हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या रात्री कुणीतरी क्लबाच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ते चित्र जगभर फिरलं. मला इथे पुण्याचं नाव सांगितलं की आजही ती कोंबडी ऐकावी लागते. पुढचा हंगाम तर तमाशाच होता. कीन गेले, हेनिंग बर्ग आले आणि 57 दिवसांत गेले, मायकल ॲपलटन आले आणि 67 दिवसांत गेले. बर्ग कोर्टात गेले आणि कराराप्रमाणे 22 लाख 50 हजार पौंड घेऊन बाहेर आले. 2017 मध्ये संघ गोलफरकावर तिसऱ्या पायरीवर घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिथवर उतरण्याची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रे यांनी वर्षभरात त्याला पुन्हा दुसऱ्या पायरीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, आणलं. तेव्हापासून तो तिथेच आहे.

आता पैशाचं. मामांना सगळ्यात अवघड जातो तो हा भाग, कारण त्यांच्या डोक्यात आयपीएल आहे. आयपीएलमध्ये दहा संघ, घसरण नाही, टीव्हीचे पैसे ठरलेले. संघाची किंमत वाढतच जाते. इंग्लंडमध्ये वरची पायरी आणि दुसरी पायरी यांच्यामध्ये दरी आहे. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर येणाऱ्या क्लबालाही टीव्हीच्या वाटपातून हंगामाला 10 कोटी पौंडांच्या आसपास मिळतात. चॅम्पियनशिपमधल्या साध्या क्लबाला त्याच्या दशांशाच्या घरात. त्यातही नुकत्याच घसरलेल्या क्लबांना काही वर्षं वरून मदतीचे हप्ते मिळत राहतात, त्याला पॅराशूटचे पैसे म्हणतात. त्यांच्याशी बरोबरी करायची तर बाकीच्यांनी पगार वाढवायचे. परिणाम असा की अलीकडच्या कित्येक हंगामांत चॅम्पियनशिपमधल्या क्लबांचा एकत्र पगारखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाहून जास्त होता. म्हणजे रुपया मिळवायचा आणि त्याहून जास्त नुसत्या पगारावर घालवायचा. नियमही तीन वर्षांत 3 कोटी 90 लाख पौंडांपर्यंत तोटा चालवून घेतात! हा तोटा भरायचा मालकाने.

वेंकीजनी हे केलं आहे. त्यांनी आजवर 20 कोटी पौंडांहून अधिक रक्कम या क्लबात घातली आहे, आणि तीही बहुतांशी बिनव्याजी. शिव्या देताना हे विसरलं जातं. मँचेस्टर युनायटेड ग्लेझर कुटुंबाने 2005 साली घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबाच्याच मानगुटीवर बसवलं. ब्लॅकबर्नचा कट्टर वैरी बर्नली 2020 च्या डिसेंबरात विकला गेला, तेव्हाही खरेदीचा बराचसा भार क्लबावरच पडला. शेफिल्ड वेन्सडेच्या थाई मालकाने स्टेडियम स्वतःच्याच कंपनीला विकून हिशेब सावरला. 2025 मध्ये तिथे खेळाडूंचे पगार वारंवार थकले, आणि ऑक्टोबरात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली जाऊन 12 गुण गमावून बसला. या रांगेत पुण्याचे मालक चोर ठरत नाहीत. दूरचे आणि अबोल नक्कीच ठरतात.

मग विकत का नाहीत? पेठेतला भाडेकरूंनी भरलेला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. कागद मालकाच्या नावावर, पिढ्यान् पिढ्या राहणारे दुसरे, गळकं छप्पर मालकाने शाकारायचं, आणि गिऱ्हाईक येतं ते घर बघायला नाही, जमीन बघायला. क्लब विकायचा म्हणजे घातलेले 20 कोटी पौंड बुडीत खाती टाकायचे, कारण घेणारा तेवढे कधीच देणार नाही. वर त्याने दरवर्षी दीड-दोन कोटी पौंड घालायची तयारी ठेवायला हवी. असा माणूस एक तर फार श्रीमंत आणि क्लबाच्या प्रेमातला असावा लागतो, नाहीतर त्याची नजर दुसरीकडे असते. त्यात घराण्याची प्रतिष्ठा आलीच. विकणं म्हणजे हरलो म्हणणं, आणि ते या मालकांना जड जात असावं, असा माझा आपला तर्क.

दुसऱ्या जातीचं गिऱ्हाईक आलं की काय होतं, ते बघायला ब्लॅकबर्नहून फार लांब जावं लागत नाही. बरी हे लँकेशायरचंच जुनं गिरणगाव. 1885 चा क्लब, एफए कप या इंग्लंडच्या जुन्या स्पर्धेचा दोनदा विजेता. आधीच्या मालकाच्या काळात गिग लेन हे त्यांचं मैदान कर्जात बुडालं, तिथल्या पार्किंगच्या जागासुद्धा विकायला काढल्या होत्या. डिसेंबर 2018 मध्ये स्टीव्ह डेल नावाच्या व्यावसायिकाने हा क्लब एका पौंडाला घेतला. बरीला फुटबॉल क्लब आहे हेही आपल्याला आधी ठाऊक नव्हतं, असं ते पुढे म्हणाले. 2019 च्या वसंतात संघ वरच्या विभागात गेला, पण खेळाडूंचे पगार थकले होते. 27 ऑगस्ट 2019 ला क्लब वाचेल या आशेने शेकडो माणसं झाडू-फडकी घेऊन गिग लेन साफ करायला आली होती. त्याच रात्री लीगने बरीला काढून टाकलं. मालक विकायला तयार झाला की प्रश्न सुटला असं मानणाऱ्यांना मी बरीला जाऊन यायला सांगतो.

ब्लॅकबर्नच्या बाबतीत 2023 पासून आणखी एक गाठ बसली. परकीय चलनाच्या कायद्याखाली ईडीने चौकशी सुरू केली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. पौंड पाठवायचे तर कोर्टाची परवानगी, आणि जेवढी रक्कम तेवढ्याची बँक हमी, अशी अवस्था झाली. चौकशी म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे, पण तारखा पडत गेल्या की क्लबाचा श्वास अडकतो. फेब्रुवारी 2024 मध्ये क्लबाच्याच अकादमीत वाढलेला ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. त्याच महिन्यात मॅनेजर योन डाल टोमासन गेले. इंग्लंडमधल्या एका गिरणगावातली माणसं दिल्लीच्या कोर्टातली पुढची तारीख फोनवर शोधत बसतात, हे मी स्टँडमध्ये पाहिलं आहे. "तुमच्याकडे इतक्या तारखा का पडतात?" असं मला विचारतात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिथल्या माणसांशी बोललं की कळतं, पैसे कमी पडले म्हणून कुणी फारसं चिडलेलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये संघ पाचव्या क्रमांकावर होता, प्रीमियर लीगचं दार दिसत होतं, आणि मॅनेजर जॉन युस्टेस उठून तळाशी अडकलेल्या डर्बीकडे गेले. हंगाम सातव्या क्रमांकावर संपला, एका क्रमांकाने संधी हुकली. मे महिन्यात क्लबाने महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. किरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून या 2022 च्या युरोविजेत्या तिघी कधीकाळी इथेच खेळल्या होत्या. असं काही घडलं की गावाला कुणीतरी समोर येऊन बोलायला हवं असतं. मालक ईवूड पार्कात क्वचितच दिसतात, मुलाखती देत नाहीत. वॉकर सामन्यांना यायचा. पुण्याला मात्र मॅनेजरने विमानाने जायचं.

पुण्यातल्या लोकांना हा राग नाटकी वाटतो. वाटणारच, कारण आपल्या शहराने 2015 ते 2019 या काळात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार फुटबॉल क्लब गमावले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा प्यायला. मालकाने काढला, मालकाने बंद केला, त्याची मर्जी. आपल्या क्लबांना आजोबा नव्हते. ब्लॅकबर्नमधल्या तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा पणजोबा त्याच रांगेत उभा असायचा.

जुलै 2025 मध्ये इंग्लंडने फुटबॉल कारभाराचा कायदा केला आणि स्वतंत्र नियामक नेमला. यापुढे क्लबाला परवाना लागेल, मालकाच्या पैशाचा उगम तपासला जाईल, मैदान परस्पर विकता येणार नाही, महत्त्वाच्या गोष्टींत चाहत्यांना विचारावं लागेल. बरी वाचलं असतं कदाचित यातून. ब्लॅकबर्नचं काय होईल ते दिल्लीतून पैसे किती सहज निघतात यावर आणि पुण्यातल्या घराण्याला आणखी किती वर्षं ते घालावेसे वाटतात यावर आहे. परवाना देणारा तेवढंच विचारू शकतो. मालकाने महिन्यातून एकदा तरी ईवूड पार्कात येऊन बसावं, असं कलम त्या कायद्यात नाही.